कैऱ्यांवरचा दगड

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय श्रीमती श्यामलाताई टिपणीस. प्रमुख पाहुणे आणि आजच्या जेवणाचे यजमान श्री. देवेंद्र मांजरेकर साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती मजीदभाई मापारी. पहिल्या रांगेत बसलेल्या नूरबानूभाभी. आणि कुवेतभरातून, सलवा, खैतान, फरवानिया, अगदी जहराहूनसुद्धा शुक्रवारची झोप मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, मी सुभाष कोंडविलकर आपणा सर्वांना नम्र अभिवादन करतो.

श्यामलाताईंनी मला मजीदभाईंविषयी चार शब्द बोलायला सांगितलं. ताई हिशेबतपासनीस आहेत, त्यामुळे चार म्हणजे चारच असा त्यांचा आग्रह असणार. पण मी पेशानं फरशीवाला. शुवैखच्या शोरूममध्ये ग्राहक एक फरशी बघायला येतो आणि मी त्याला चाळीस दाखवतो. तेव्हा थोडं जास्त झालं तर ताईंनी घंटी वाजवावी. मी ऐकणार नाही, पण त्यांनी वाजवावी.

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी मांजरेकर साहेबांना एक विनंती. मी खिशातून एक दगड आणला आहे. लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान, काळा. हा घ्या साहेब. माझं बोलणं होईपर्यंत जरा हातात धरून ठेवा. नाही, टेबलावर नको. हातातच. आभारी आहे.

आता मजीदभाई. या सभागृहात असं कुणी आहे का, ज्याच्या घरचा नळ मजीदभाईंनी बदललेला नाही? जहराच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात तीस-एक वर्षं हा माणूस उभा आहे. दुकान अरबाबचं, म्हणजे इथल्या मालकाचं, पण गिऱ्हाईक 'मजीदचं दुकान' असंच म्हणतं. कारण काय? हा माणूस कुठलीही वस्तू बघितल्याशिवाय विकत नाही. नळ असेल तर तोंडात धरून फुंकून बघेल. स्क्रूचे आटे नखानं तपासेल. एकदा वाळवंटातल्या एका बदूनं शंभर बिजागऱ्या मागितल्या. मजीदभाईंनी शंभरच्या शंभर उघडझाप करून दिल्या. तो बाहेर गाडीत एसी लावून बसला, झोपला, उठला, तरी यांचं चालूच. मी म्हटलं, भाई, बाकी गिऱ्हाईक जाईल. तर म्हणाले, "जाईल तर जाईल. दार करकरलं की शिवी मजीदला पडते, बिजागरीला नाय."

असा हा माणूस. आणि या माणसानं गावी घर बांधायची जागा कशी पसंत केली, ठाऊक आहे? मोबाईलवरच्या व्हिडिओवर.

हसू नका. या सभागृहातल्या किती जणांनी हेच केलंय, त्यांनी हात वर करा असं मी म्हणणार नाही. आपण इथं टोमॅटो घेताना उलटून बघतो आणि गावची जमीन मात्र पाच इंची पडद्यावर बघून हो म्हणतो. मागे गाणं वाजत असतं, ड्रोन वरून फिरत असतो, आणि आपल्याला घर आठवत असतं. आठवणारा माणूस नीट बघत नाही. मजीदभाईंचा इकामा, इथं राहण्याचा परवाना, पुढच्या महिन्यात संपतोय. जायचं नक्की आहे, इथलं भाड्याचं घर सोडायचं आहे, आणि गावात वाटण्या होऊन गेल्यामुळे राहायला स्वतःची भिंत नाही. घाई होती. घाई कुणाला नसते?

आता या दगडाकडे येतो. साहेब, हात बदललात. चालेल.

माझी ओळख बऱ्याच जणांना आहे, तरी नवीन मंडळींसाठी सांगतो. मी बारावी झालो आणि शिक्षण सोडलं. भूगर्भशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. या देशात पायाखाली वाळूशिवाय काही नाही. अशा ठिकाणी मी दगड शिकलो. आमच्या शोरूमला इटलीचा येतो, इराणचा येतो, ओमानचा हिरवा येतो. लोक त्याची चकाकी बघतात, मी त्याची मागची बाजू बघतो. पुस्तकं मागवली, वाचली, चुकलो, परत वाचली. आणि आपल्या मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सुट्टीवर गावी जाणाऱ्याला सगळे कोकम, कुळीथपीठ, सुकट आणायला सांगतात. मी दगड आणायला सांगतो. आमच्या सौभाग्यवती मंदा म्हणतात, तुम्ही देवळात गेलात तरी आधी देवाचा दगड कुठल्या खाणीतला ते बघाल. खरं आहे. बघतो. नमस्कार नंतर करतो.

तर एका शुक्रवारी मजीदभाईंकडे खैतानला जेवायला होतो. जेवण झाल्यावर त्यांनी कागदात गुंडाळलेला एक दगड माझ्यासमोर ठेवला. फार आनंदात होते. म्हणाले, "सुभाषभाऊ, माझ्या घराच्या पायातला दगड. मांजरेकर साहेबांच्या माणसांनी चाचणीचा खड्डा मारला, दोन पुरुष खोल. तिथनं काढलाय. हफिजानं पाठवला. बघा, कसला पक्का जांभा."

हफिजा ही त्यांची धाकटी बहीण. खारसड्याच्या शेजारच्या वाडीत तिचं सासर आहे, आणि मांजरेकर साहेब मजीदभाईंना विकतायत ती जागाही खारसड्यालाच.

दगड जांभाच होता, यात शंका नाही. तांबडा, भोकाभोकांचा, आपल्या कोकणात घरं बांधतो तोच. मी उलटा केला. आणि एका बाजूला करड्या-हिरव्या रंगाची, कडेनं झालर असलेली एक पापडी चिकटलेली दिसली. तेवढ्यात नूरबानूभाभी चहा घेऊन आल्या आणि वाकून म्हणाल्या, "या बया, यावर तर दगडफूल उगवलाय."

सभागृहातल्या भगिनींना मी दगडफूल काय ते सांगायला नको. गोड्या मसाल्यात आपण घालतो तेच, किंवा म्हणा त्याचा चुलतभाऊ. आता मला सांगा, दगडफूल कुठं उगवतं? उजेडात. झाडाच्या सालीवर, उघड्या कातळावर, ऊनवारा खाऊन, वर्षानुवर्षं. दोन पुरुष खोल, अंधाऱ्या खड्ड्यातून काढलेल्या दगडावर दगडफूल कसं येईल? तो दगड जमिनीच्या पोटातून आलेलाच नव्हता. कुठल्या तरी गडग्यावरून, शेताच्या दगडी कुंपणावरून उचललेला होता.

मी तसं सांगितलं. मजीदभाईंचा चेहरा उतरला. मला पहिला संशय कुणाचा आला, तर हफिजाचा. मी तो बोलूनही दाखवला. माझ्या संशयाला नातीगोती नसतात. मजीदभाईंनी रागानं तिथल्या तिथं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडून हफिजाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी कशाला खोटा दगड पाठवू? त्यांच्या माणसानं गेटावर माझ्या हातात ठेवला. खड्डा मना कोणी दाखवलाच नाय. आणि हे दगड बघणारे भाऊ कोण ते? त्यांना विचार, मी सुकटीसोबत दुसरा पाठवला होता, तो त्यांनी बघितला का?"

दुसरा? कुठला दुसरा? आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. आणि नूरबानूभाभी हळूच उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांनी मिठाच्या पाण्यात कैऱ्या घातल्या होत्या. कैऱ्या पाण्यावर तरंगतात, वर राहिलेल्या कुजतात. म्हणून त्यावर बशी ठेवायची आणि बशीवर वजन. सुकटीच्या पिशवीतून आलेला काळा दगड भाभींनी धुऊन त्या बशीवर ठेवला होता. त्यांना वाटलं, नणंदेनं त्याचसाठी पाठवला. म्हणाल्या, "लहान हाय पण दाबतो बरा. वाटलं, हफिजाला ठाव असेल इथं कुवेतात दगड मिळत नाय."

मी तो हातात घेतला, आणि मंडळी, माझा हात खाली गेला. साहेब, तुमचा गेला होता ना मघाशी? मी बघितलं.

दगड दिसतो तेवढ्याच वजनाचा असावा, अशी हाताची एक अपेक्षा असते. हा दगड ती अपेक्षा मोडतो. भाभींचा पिठाचा काटा घेतला. दगड कोरडा तोलला, मग दोऱ्यानं पाण्याच्या वाडग्यात सोडून पुन्हा तोलला. पाण्याच्या सव्वाचार पट जड. साधा दगड अडीच, फार तर तीन पट भरतो. मग खिशातून फरशीचा तुकडा काढला. तो माझ्या खिशात नेहमी असतो. फरशीची मागची बाजू खरखरीत असते, तिच्यावर दगड घासला की त्याच्या पुडीचा खरा रंग उमटतो. लोखंडाचा दगड असता तर लाल किंवा काळी रेघ आली असती. ही तपकिरी आली, भाजलेल्या कॉफीसारखी. आणि दगडाच्या खाचेत हिरवट, साबणासारखं गुळगुळीत काहीतरी अडकलेलं, नखानं कोरलं की निघणारं.

हा क्रोमाइट आहे. क्रोमियम या धातूचं खनिज. तुमच्या घरातलं स्टीलचं ताट गंजत नाही ते याच्या जिवावर. आणि तो हिरवा साबण म्हणजे सर्पेंटाइन, सापाच्या कातडीसारखा दिसणारा दगड, ज्याच्या पोटात क्रोमाइट राहतो. राहतो कसा, तर शिऱ्यातल्या मनुकांसारखा. एका ठिकाणी घोस, मग हातभर काहीच नाही, मग अचानक आणखी एक. म्हणून ही खाण चालवणं अवघड. घोस संपला की पुढचा कुठं आहे हे सांगता येत नाही, नुसता सर्पेंटाइन फोडत बसावं लागतं. टोपलीभर खनिजासाठी गाडाभर निरुपयोगी दगड बाहेर येतो. असं परवडेनासं झालं की लोक अवजारं उचलतात आणि निघून जातात.

मी फोनमध्ये विचारलं, हफिजाबाई, तुमच्याकडे खाण होती का? त्या म्हणाल्या, होती की. सासरे लहानपणी तिथं टोपल्या वाहायचे. आता बंद. मी विचारलं, हा काळा दगड तुम्ही खाणीतून आणला? म्हणाल्या, छे, खाणीत कोण जातंय. भाईच्या प्लॉटातूनच. पावसानं तिथं एक घळ पडली, त्यात असे पुष्कळ आहेत. "भाईला जमीन बघायची होती ना? म्हणून जमिनीतला पाठवला."

मजीदभाई मध्येच म्हणाले, "अहो, खाण वर डोंगरात. प्लॉट खाली. खाणीचा आणि आपला संबंध काय?"

आता मंडळी, मी हा प्रश्न तुम्हालाच विचारतो. खाण वर, प्लॉट खाली. मग वरचं काढलेलं गेलं कुठं?

टाळ्या नकोत. उत्तर हवंय.

मांजरेकर साहेबांनी मला याचं उत्तर दिलं होतं, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. पुढच्याच शुक्रवारी ते मिठाई घेऊन खैतानला आले. फार गोड बोलतात, मिठाईही चांगली होती. म्हणाले, ही जागा म्हणजे सडा आहे, कातळाचं पठार, आणि सडा सपाटच असतो, कोकणातल्या माणसाला हे मी सांगायचं का? बरोबर आहे. सडा सपाट असतो, त्यावर झाड नसतं, हेही बरोबर. पण सडा डोंगराच्या माथ्यावर असतो. ही जागा उताराच्या मध्यावर आहे, जिथं देवानं सपाटी सहसा केलेली नाही. आणि हफिजाबाईंनी फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरलो नव्हतो. त्या म्हणाल्या होत्या, पावसात सड्यावर पाणी साचतं, डबकी होतात, फुलं येतात. भाईच्या प्लॉटावर पाणी राहतच नाही, पडलं की गेलं. कातळावर पाणी असं जातं का? पाणी जातं भरावात. वरच्या खाणीतून खाली लोटलेल्या दगडांच्या ढिगात, जिथं दोन दगडांमध्ये पोकळी असते.

मी एवढं बोललो तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, "कोंडविलकर, तुम्ही टाइल्स विकता ना?"

मी म्हटलं, "विकतो. आणि त्यांची मागची बाजूही बघतो."

मग मी खाणीचं विचारलं. साहेब म्हणाले, खाण कुठली, तिथं तलाव आहे. निसर्गरम्य तलाव.

आता कृपा करून सर्वांनी माझ्या पाठीमागच्या फलकाकडे बघावं. तुम्ही मघापासून बघतच आहात, पण आता नीट बघा. आजच्या कार्यक्रमाला ज्यानं हातभार लावला त्या प्रकल्पाचं हे चित्र. वर लिहिलंय, तलावाच्या सान्निध्यात तुमचं हक्काचं घर. सुंदर निळंहिरवं पाणी. पण काठ बघा. एक उभी भिंत, मग सपाट पट्टी, मग पुन्हा उभी भिंत, मग पट्टी. निसर्ग तलावाला जिने काढत नाही. त्या खाणीच्या पायऱ्या आहेत, ट्रक फिरवण्यासाठी कापलेल्या. आणि कोकणातलं पाणी म्हणता, तर एक म्हैस दाखवा. एक बेडूक, एक लव्हाळं, काठावर धुणं धुणारी एक बाई दाखवा. ज्या पाण्याकडे गावातली म्हैस जात नाही, त्या पाण्याबद्दल मला शंका येते. आणि मजीदभाईंची विहीर त्याच पाण्याच्या खालच्या अंगाला खोदायची आहे.

मी इथं जपून बोलतोय, हे लक्षात घ्या. मी रसायनं तपासलेली नाहीत. पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते चांगलं आहे असं कुणी दाखवलेलं नाही, एवढंच म्हणतो. आणि तो भराव वर्षानुवर्षं दबून दगड झाला असेल, त्यावर दुमजली घर शंभर वर्षं उभं राहील, हेही होऊ शकतं. पण मग दाखवा की खड्डा. गेटावर गडग्याचा दगड कशाला हातात ठेवता? ज्याच्या पोटात खरं असतं तो दगडफुलाचा दगड कशाला पाठवेल?

श्यामलाताई, घंटी ऐकली. संपवतोच.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचा भाग असा आहे की मांजरेकर साहेब मजीदभाईंना घराची प्रतीकात्मक किल्ली देतील आणि मजीदभाई व्यासपीठावरच करारावर सही करतील. त्यानंतर जेवण. जेवणाच्या टेबलांशेजारी नोंदणीचं टेबलही मांडलेलं दिसतंय, म्हणजे बाकीच्यांचीही सोय आहे. मला अनेकांनी सांगितलं, आजच्या दिवशी बोलू नका, समारंभ आहे, शोभत नाही, जेवण त्यांच्याकडून आहे. मला मान्य आहे. पण समारंभ झाल्यावर बोललो तर उपयोग काय? मजीदभाईंची आयुष्यभराची मेहनत एका सहीनं त्या ढिगावर जाणार. शंभर बिजागऱ्या उघडझाप करून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराचं दार एकदाही उघडून बघितलेलं नाही. मग त्याला निरोप देताना मी कशाची तारीफ करू?

मजीदभाई, मी तुम्हाला सही करू नका असं सांगणार नाही. तो अधिकार तुमचा. मी फक्त... हं. बसा ना भाई. नाही? बोलायचंय? या, या. माईक घ्या. बरं, नको तर नको, तसंच बोला.

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला नसेल, म्हणून मी पुन्हा सांगतो. मजीदभाई म्हणाले, "साहेब, किल्ली राहू द्या. मी गावी जातो. तुमच्या माणसांना सांगा, माझ्यासमोर खड्डा मारा, मी सांगेन तिथं. मी आत उतरेन. त्या तलावाचं पाणी हफिजाच्या सासऱ्यांना दाखवेन आणि तपासायलाही देईन. मग सही. आणि तोवर मी बहिणीच्या पडवीत राहीन, मला काय कमीपणा नाय."

आणि मांजरेकर साहेब म्हणाले, "बघू." मी शब्दशः सांगतोय. फक्त "बघू." या एका शब्दाचं वजन काय, ते ज्याचं त्यानं आपापल्या हातात तोलावं.

नूरबानूभाभी हात वर करतायत. बोला भाभी. दगड? हो, तुमचाच आहे. साहेब, तेवढा दगड परत द्या. भाभी म्हणतायत, सकाळी बशीवरचा काढून आणलाय, कैऱ्या एव्हाना वर आल्या असतील. धन्यवाद. बघा मंडळी, साहेबांचा तळवा तपकिरी झालाय. घाबरू नका साहेब, साबणानं जातो. नुसती बाहेरची पूड आहे.

आता खरोखर संपवतो. मजीदभाई, तुम्हाला आणि भाभींना प्रवासाच्या शुभेच्छा. दार कुठलंही असो, ते न करकरता उघडो. मला इथं बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा मी आभारी आहे. घंटी तीनदा वाजवूनही त्यांनी माईक बंद केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आपण सर्वांनी उपाशीपोटी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपलाही ऋणी आहे. यजमानांचं जेवण आपण आनंदानं जेवावं, अन्नाशी आपलं काही भांडण नाही. नोंदणीच्या टेबलापाशी मात्र जरा उलटून बघून मगच बसावं. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर वडीलधाऱ्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावा.

दगडाबद्दल जे बोललो, तेवढं मात्र पोटात घालू नये. ते तसंच बाहेर राहू द्यावं.

नमस्कार.